दुपारनंतर जड होणारी गाडी

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर एकेक गुळगुळीत, पांढरट डाग आहे. नात तिच्या मैत्रिणींना ते डाग दाखवते आणि सांगते, "माझी आजी मेकॅनिक होती. हे गाडी दुरुस्त करताना भाजलेलं." पोरगी एवढ्या अभिमानानं सांगते म्हणून मी गप्प बसते. खरं तर हे डाग हळदकुंकू वाहताना पडलेत, आणि त्यात गाडीपेक्षा आजीच्या तोंडाळपणाचा वाटा मोठा आहे. फराळाबरोबर चघळायला काहीतरी हवं म्हणून तुम्हाला सांगते. नातीला एवढ्यात सांगू नका.

काशीमीऱ्याला, ट्रकवाल्यांच्या गॅरेजांच्या रांगेत, आमचं लहान गाड्यांचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे ह्यांचं. मी एका कंपनीत टायपिस्ट होते. कंपनी बंद पडली तेव्हा गॅरेजचं टेबल सांभाळायला येऊन बसले. मग ह्यांची कंबर धरली, डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आणि आमच्या जागा बदलल्या. हे टेबलावर, मी बॉनेटखाली. संध्याकाळचा एक कोर्स केला, बाकीचं सलीमभाईंनी शिकवलं. सलीमभाई म्हणजे आमचे जुने मेकॅनिक. मी पाना उलटा धरला की म्हणायचे, "भाभी, ये बेलन नहीं है."

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी पन्नाशीला टेकले होते. या वयात माणूस शहाणं होतं म्हणतात. मी दीडशहाणी झाले होते.

त्या वर्षांत मिरा रोडला जिकडेतिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि घराघरात पहिलीवहिली गाडी येत होती. पहिली गाडी घेतलेला माणूस पहिलं वर्ष गाडीचा रंग बघतो आणि दुसऱ्या वर्षापासून ॲव्हरेज. "वहिनी, गाडी ॲव्हरेज देत नाही हो!" हे मी दिवसातून चारदा ऐकायचे. म्हणजे एका लिटरात जेवढी जायला हवी तेवढी जात नाही. मी आधी विचारायचे, मोजलंत कसं? बहुतेकांनी काट्यावरून मोजलेलं असायचं. काटा कसला, तो तर नवऱ्यासारखा, अर्ध्यावर बराच वेळ बसून राहतो आणि मग एकदम आडवा होतो. खरी रीत सोपी. टाकी काठोकाठ भरायची, शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवायची, परत त्याच पंपावर काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल नव्यानं मावलं तेवढं गाडीनं प्यायलं.

जास्त पिण्याची कारणंही काही गूढ नसतात. टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी चिखलातून चालल्यासारखी चालते. एअर फिल्टर धुळीनं भरला असेल तर इंजिनाचा श्वास कोंडतो, नाकात बोळे घालून चार मजले चढून बघा म्हणजे कळेल. प्लग काळे पडतात, क्लच घसरतो, कुठला तरी ब्रेक चाकाला धरून बसतो. आणि या सगळ्यांच्या वर चालवणाऱ्याचा पाय.

यातलं बरंचसं मला गाडीच्या चालीवरून कळायचं. जे कळायचं नाही ते डिकीत सापडायचं. भाईंदर पूर्वेचे एक स्टीलच्या भांड्यांचे विक्रेते होते. तीनदा येऊन गेले, तीनदा आम्ही इंजिन चाळलं. चौथ्यांदा मी डिकी उघडायला लावली, तर आत पातेली, डबे, परातींचं अख्खं रुखवत. "ये तो सँपल है," म्हणाले. म्हटलं, "शेठ, एवढ्या सँपलात माझ्या दोन नणंदांची लग्नं झाली असती."

दुसऱ्या एक बाई होत्या, त्या नाक्यावरच्या गर्दीत सारखा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायच्या. मी सांगितलं, पाय काढा. त्या म्हणाल्या, "मग ठेवू कुठे?" मी म्हटलं, "मांडी घाला." सगळं गॅरेज हसलं. बाई परत आल्या नाहीत.

तर अशी मी. 'ॲव्हरेजवाल्या वहिनी' म्हणून लोक लांबून शोधत यायचे आणि मी फुगत चालले होते. अशात करंदीकर आले.

करंदीकर दादरहून मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आलेले, ऑफिस अंधेरीला. चष्मा कपाळावर आणि शब्द तोलून मापून. हृदयाचं काहीतरी निघालं तेव्हापासून रोज हायवेवर गाडी चालवायची नाही म्हणून ड्रायव्हर ठेवला होता.

"वहिनी, गाडी अकराच्या वर जात नाही," म्हणाले. "सहा महिन्यांपूर्वी सोळा देत होती."

"ड्रायव्हर बदललात?"

"नाही. हरी पाटीलच आहे. तीन वर्षं झाली." मग टेबलापाशी वाकून हळूच, "म्हणूनच तुमच्याकडे आलोय. सोसायटीत जो तो मला सांगतोय, पेट्रोल काढून विकत असेल. परवा रविवारी मी स्वतः वसईला जाऊन आलो, तर सोळा. हरीच्या हातात अकरा. पण मला उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही. तुम्ही नीट बघा. दोष गाडीत निघाला तर मी नारळ फोडीन."

गाडी दोन दिवस ठेवून घेतली. प्लग, फिल्टर, टायर, क्लच, सगळं झालं. चारी चाकं उचलून हातानं फिरवली, भिंगरीसारखी फिरली. पेट्रोलची नळी हुंगून झाली. टाकी भरून मी स्वतः गाडी विरारपर्यंत नेऊन आणली. साडेपंधरा. साहेबांना सोळा, मला साडेपंधरा, हरीला अकरा. शेंबड्या पोरानं सोडवावं असं गणित.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला हरी आला. राई गावचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला, साठीकडे झुकलेला. पायातल्या चपला दारात काढून आत आला.

"मिळाला का काय, बाय?"

"काही नाही. गाडी ठणठणीत आहे."

"अशी कशी? सकाळला बरी असते. दुपारनंतर जड वाटते हाय."

मी प्लगचा डबा बंद करत म्हटलं, "जेवणानंतर सगळेच जड होतात, हरीदादा."

सलीमभाई हसले. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. हरी हसला नाही. "न्हाय बाय, खरं सांगतो," एवढंच म्हणाला.

करंदीकरांना लेखी हवं होतं. मी जुनी टायपिस्ट, कागद दिसला की हात शिवशिवायचे. लिहिलं, 'गाडीची संपूर्ण तपासणी केली. कोणताही दोष आढळला नाही.' तिथे थांबले असते तर आज ही गोष्ट सांगायला लागली नसती. पण मला आपलं वाटलं, मजकूर उघडाबोडका दिसतोय. म्हणून खाली आणखी एक ओळ टाकली, 'दोष अन्यत्र शोधावा.'

ह्यांनी चिठ्ठी वाचली. "शेवटची ओळ कशाला?"

"खरी आहे म्हणून."

"तू बघितलंस त्याला पेट्रोल काढताना?"

"बे दुणे चार, हे बघावं लागतं का?"

 ह्यांनी चिठ्ठी घडी करून पाकिटात घातली आणि पाकीट माझ्याच हातात दिलं. स्वतः द्यायला तयार नव्हते.

चार दिवसांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घ्यायला थांबले. आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो, तिथे यमुना बसायची. तिची पद्धत अशी, की काहीही घ्या, वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या न मागता पडायच्या. त्या दिवशी तिनं भेंडी तोलली, पिशवीत टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

"अगं, मिरच्या?"

"विकत हायेत," म्हणाली.

मला काही उमजेना. मग तिनंच तराजू खाली ठेवला. "वहिनी, हरी पाटील माझा नवरा. तुला ठाऊक न्हवतं?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं भाजी घेत होते, आणि नवऱ्याचं नाव कशाला विचारतेय!

"साहेबांनी सांगलंय, दसऱ्यापर्यंत राहा, मंग दुसरीकडं बघ. चोर म्हटला न्हाय त्यांनी. पन सगळ्या डायवर लोकांत झालंच ना? आता कोन ठेवंल? तो माणूस दुसऱ्याच्या झाडाचा पडलेला आंबा उचलत न्हाय. तुझ्या चिठ्ठीनं त्याला चोर केला."

मी भेंडीची पिशवी उचलली आणि चालू लागले. घरी येताना मी स्वतःला काय समजावलं ऐका. बायको नवऱ्याची बाजू घेणारच, म्हटलं. आकडे थोडेच कुणाची बाजू घेतात! असं म्हणत जिना चढले, आणि त्या दिवशीची भेंडी मला गिळवली नाही.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळे पाने, जॅक, पंप धुऊनपुसून पाटावर मांडायचे, आणि नेहमीची गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या पूजेला आणायची. पेढे सलीमभाईंचे, पूजा माझी. प्रत्येक चाकावर तांब्यानं पाणी, मधल्या लोखंडी वाटीवर हळदकुंकवाची बोटं, एक फूल आणि चाकाखाली लिंबू.

शेवटची गाडी आली ती हरीची. पुढे झेंडूचं तोरण बांधलेलं.

"घरच्या वाडीतला झेंडू हाय," तो म्हणाला. "राईला जाऊन, घेऊन सरळ हिकडंच आलो. आज साहेबांना किल्ली द्यायची. म्हटलं पूजा करून देतो. तीन वरसं पोट भरलंय हिनं."

मला त्याच्याकडे बघवेना. आत जागा नव्हती म्हणून त्यानं गाडी दारातल्या उतारावरच लावली. हँडब्रेक असा करकचून ओढला की आवाज आतपर्यंत आला. शिवाय खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "हँडब्रेक ओढलात ना? मग दगड कशाला?"

"मिठागराच्या बांधावर माझा टेम्पो घरंगळला हुता, बाय. भरलेला. अख्खं मीठ पान्यात. तवापासून थांबलो की ब्रेक पन आनि दगड पन. राईला, अंधेरीला, कुटं पन."

मी पूजेला लागले. पुढच्या दोन्ही चाकांना पाणी, हळदकुंकू, फूल. मागच्या डाव्या चाकावर तांब्या कलंडला आणि चर्र आवाज झाला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा. मला वाटलं, शेजारी कुणी काही तळतंय. डोक्यात पूजा चाललेली, मी हळदकुंकवाची दोन बोटं नेली आणि वाटीवर टेकवली.

किंचाळले ती पार नाक्यावर ऐकू गेली असेल.

"भाभी, क्या हुआ?" सलीमभाई धावले. मी बोटं तोंडात घालून नुसतं चाकाकडे दाखवलं. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं. परत चर्र, आणि या वेळी वाफसुद्धा. पुढच्या चाकांवर तळहात ठेवून पाहिला, कोमट. मागची दोन्ही, हात लावायची सोय नाही.

"जॅक," मी म्हटलं. "पाटावरचाच आणा. देव रागावणार नाही."

दगड काढून पुढच्या चाकाला लावला, हँडब्रेक खाली केला, चाक उचललं, फिरवलं. मोकळं चाक एका झटक्यात दोन-तीन फेरे आपलं आपण घेतं. हे जात्यासारखं फिरलं. जोर लावला तेवढं सरकलं आणि थांबलं.

आता यातली गोम सांगते. हँडब्रेकचा दांडा ओढला की गाडीच्या पोटाखालून गेलेली एक पोलादी तार मागची चाकं आवळून धरते. दांडा खाली केला की तार सैल व्हायला हवी. पण तार एका नळीतून जाते, त्या नळीत पाणी शिरतं आणि आमच्याकडचा खाडीचा खारा वारा लोखंडाला काय करतो हे इथल्या कुठल्याही खिडकीच्या गजाला विचारा. तार आत गंजली होती. करकचून ओढली की जायची, परत यायची ती अर्धीमुर्धी. दांडा खाली, समोरचा लाल दिवा बंद, आणि ब्रेक आतल्या आत घासतच राहिलेला. खड्ड्यांतून आपटत आणि रात्रभर मोकळी उभी राहून हळूहळू सुटायची.

मग आम्हाला का सापडलं नाही? कारण आम्ही कुणी हँडब्रेक ओढतच नव्हतो! करंदीकरांच्या सोसायटीत गाड्या एकामागे एक लागायच्या, ढकलता याव्यात म्हणून न्यूट्रलमध्ये ठेवायच्या आणि हँडब्रेक लावायचा नाही, असा भिंतीवर बोर्डच होता. साहेबांना तीच सवय, वसईलाही गाडी गिअरमध्ये टाकून उतरले. आमच्या गॅरेजातही तेच. गाडी आत आली की पहिला नियम, हँडब्रेक खाली, म्हणजे हवी तशी सरकवता येते. विरारला मी चहा प्यायलासुद्धा गाडीत बसूनच. हँडब्रेक ओढणारा एकच माणूस होता, तो अंधेरीला पोचल्यावर सकाळी पहिल्यांदा ओढायचा. म्हणून गाडी सकाळी बरी आणि दुपारनंतर जड. आमच्या सगळ्यांत जो नीट वागत होता तोच चोर ठरला होता.

"मी सांगत हुतो ना बाय," हरी हळूच म्हणाला, "दुपारनंतर."

मी त्या उतारावरच फतकल मारून बसले. बोटं आगीसारखी होत होती आणि छातीवरचं काहीतरी असं उतरलं होतं की विचारू नका. गाडीत दोष निघाल्याचा इतका आनंद झालेली मी जगातली पहिलीच मेकॅनिक असेन.

सलीमभाई तार सोडवायला निघाले, मी त्यांना थांबवलं. आधी साहेबांना दाखवायचं होतं. हरी, मी आणि हे, तिघेही बेव्हर्ली पार्कात गेलो. हरीनं सोसायटीत शिरून हँडब्रेक ओढला मात्र, वॉचमन ओरडत आला, "हँडब्रेक नहीं, हँडब्रेक नहीं! बोर्ड देखो!" त्याला म्हटलं, "बाबा, वही दिखाने आए हैं." करंदीकरांना मागे बसवलं, हायवेला एक लांब चक्कर मारून आणली आणि त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. "मागच्या चाकावर ओता."

चर्र.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. परत ओतलं. सगळं समजावून सांगितलं तेव्हा नुसते मान हलवत राहिले. मग तडक वर निघून गेले. मला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी खाली आले ते हातात नारळ घेऊन, आणि तिथेच पार्किंगच्या पायरीवर फोडला. हरीकडे बघून, "हरी, मी..." म्हणाले आणि अडकले. शब्द तोलणाऱ्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. शेवटी हरीनं दिलेली किल्ली त्यांनी परत त्याच्या हातात ठेवली.

"उद्या नऊला?"

"साडेआठला निघू, साहेब. नाक्यावर गर्दी असते."

निघताना मी माझी चिठ्ठी परत मागितली. त्यांनी ती नीट जपून ठेवली होती. मागच्या बाजूला लिहिलं, 'दोष दोन ठिकाणी सापडला. एक हँडब्रेकच्या तारेत, दुसरा ही चिठ्ठी लिहिणारीत.' भाजल्या हातानं सही कशी तरीच आली. ह्यांनी वाचली आणि म्हणाले, "ही शेवटची ओळ बरोबर आहे." ती चिठ्ठी हरीनं मागून घेतली. खाली जमलेल्या ड्रायव्हरांना त्यानं ती वाचून दाखवली म्हणे, दोन्ही बाजू.

तार बदलल्यावर हरीच्याच हातात गाडीनं साडेपंधरा दिलं, हँडब्रेक करकचून ओढून आणि दगड लावून. मी माझी रीत बदलली. ॲव्हरेजची तक्रार असेल तर गाडी रोज चालवणाऱ्यानंच यायचं, त्यानं त्याच्या सवयीनं चालवायची आणि मी शेजारी बसायचं. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. कुणी 'जड' म्हणालं की विनोद न सुचू देता विचारायचं, कधीपासून? फार अवघड गेलं हो, विनोद न सुचू देणं. पण त्यानंतर बरीच दुखणी लवकर सापडली. क्लचवाल्या बाईंना मी पुढे शोधलंही, त्या घर बदलून गेल्या होत्या. त्यांचं काय दुखत होतं कोण जाणे, कदाचित पाय ठेवायला खरंच जागा नसेल.

राहिली यमुना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून तिच्यासमोर उभी राहिले. तिनं बोटांकडे पाहिलं.

"भाजला?"

"हो."

"बरा झाला," म्हणाली आणि पाव किलो गवार तोलून वर चार मिरच्या टाकल्या.

कोथिंबीर मात्र नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही. मीही विचारलं नाही, तेवढी अक्कल आली होती. दिवाळीच्या तोंडावर वांगी घेतली, घरी येऊन पिशवी ओट्यावर उपडी केली, तर खाली कोथिंबिरीची अख्खी जुडी, मुळं स्वच्छ धुतलेली.

"कालच तर कोथिंबीर आणली होतीस," हे म्हणाले. "आज परत कशाला आणलीस?"

"आणली नाही," मी म्हटलं. "मिळाली."